सकाळी एचडी चॅनेल तुटतात, दुपारी सगळं ठीक: बिघाड शोधायचा कुठे?

आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला गेल्या हिवाळ्यात रोज सकाळी तेच. साडेसहाला आई टीव्ही लावणार, कीर्तनाचा एचडी चॅनेल लागणार, बुवांनी अभंग धरला न धरला तोच त्यांच्या पगडीचे चौकोन चौकोन होणार, आवाज खर्रकन थांबणार आणि पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’. त्याच चॅनेलची साधी, एसडी आवृत्ती मात्र सुरळीत. नऊ-सव्वानऊला सगळं आपोआप जागेवर. दुपारी, रात्री कसलीच तक्रार नाही.

डीटीएच कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितलं, सेट-टॉप बॉक्स दहा मिनिटं बंद ठेवून परत लावा. आई पूजा आटोपून पावणेनऊला बटण बंद करायची आणि नऊला चित्र यायचं. त्यामुळे महिनाभर घरात ठाम समजूत होती, की बंद-चालू केलं की येतं. खरं श्रेय उन्हाचं होतं. बॉक्सला हात लावला नसता तरी नऊला चित्र आलंच असतं. पण हे लक्षात येईपर्यंत कंपनीच्या माणसाच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या.

पहिल्या फेरीत त्याने टीव्हीमागची पिन बदलली. दुसऱ्या फेरीत गच्चीवर जाऊन डिशची छत्री थोडी हलवली, ‘क्वालिटी दोनने वाढली, भाऊ’ म्हणाला आणि गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, बॉक्स जुना झाला, नवीन घ्या. तिन्ही वेळा तो आला दुपारी दोन-तीनच्या सुमाराला. तेव्हा बिघाडच नसायचा, तर सापडणार काय? त्याला तरी कसा दोष द्यायचा? रोज पंधरा घरं करायची असतात, सकाळी साडेसहाला कोण येणार?

मग मी एकच गोष्ट केली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, चित्र किती वाजता तुटलं आणि किती वाजता आलं हे लिहायला सुरुवात केली. बारा दिवसांत जे दिसलं ते तीन फेऱ्यांत दिसलं नव्हतं. ढगाळ सकाळी चित्र अकरापर्यंत यायचं नाही. रात्रभर वारा वाहिला, की दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच बिघाड नाही. आणि ज्या सकाळी शेजारच्या गाड्यांच्या काचा दवाने पांढऱ्या झालेल्या असायच्या, त्या दिवशी हमखास गोंधळ. म्हणजे चोर बॉक्समध्ये नव्हता, गच्चीवर होता आणि त्याचं नाव दव.

आता एचडीच का आधी मरतं, ते सांगतो, कारण सगळ्या शोधाची किल्ली तिथेच आहे. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा सिग्नल मुळातच अतिशय क्षीण. जुन्या पद्धतीच्या प्रसारणात लहरीच्या चार अवस्था वापरतात, म्हणजे एका खुणेत दोन बिट. त्या अवस्थांमध्ये ९० अंशांचं अंतर असतं. एचडीला माहिती जास्त लागते, म्हणून बहुतेक एचडी चॅनेल नव्या पद्धतीने आठ अवस्थांत पाठवतात. एका खुणेत तीन बिट, पण दोन अवस्थांमधलं अंतर फक्त ४५ अंश. सिग्नल थोडा गढूळ झाला, की बॉक्सला शेजारशेजारच्या दोन अवस्था एकमेकींसारख्या दिसू लागतात. चार अवस्थांवाल्याचं अजून भागतं, आठवाल्याचं भागत नाही. ‘एसडी चालतं, मग सिग्नल ठीकच आहे’ हा निष्कर्ष इथेच फसतो. एसडी चालतं याचा अर्थ सिग्नल काठावर आहे, एवढाच.

डिजिटलमध्ये काठ म्हणजे खरोखरच काठ. जुन्या अँटेनाच्या काळात चित्रात आधी मुंग्या यायच्या, मग पट्टे, मग भुतं. माणसाला अंदाज यायचा आणि धाकटा भाऊ गच्चीवर अँटेना फिरवायला पळायचा. इथे शेवटच्या क्षणापर्यंत चित्र झक्क असतं आणि मग धाडकन दरीत. म्हणून चित्र बघून काही कळत नाही, आकडा बघायचा.

आकडे दोन असतात. रिमोटवरून सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडलं, की स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंथकडे लक्षच देऊ नका. त्या पट्टीत सिग्नलबरोबर गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे छत्री भलतीकडे बघत असली तरी ती भरलेली दिसू शकते. आमचा माणूस तिन्ही वेळा तीच दाखवून ‘फुल आहे’ म्हणत होता. बघायची ती क्वालिटी. तीही कुठल्या चॅनेलवर? जो तुटतो त्याच एचडी चॅनेलवर, आणि तुटतो त्याच वेळेला. आमच्याकडे दुपारी ७० असायची, सकाळी सातला ३८. हे दोन आकडे तारखेसह मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. चौथ्या फेरीच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

मग एका शनिवारी सकाळी सात वाजता मी मफलर गुंडाळून गच्चीवर. नाशिकची जानेवारीतली सकाळ, तिकडे निफाडचा पारा उतरलेला, इकडे माझी बोटं बधिर. बायको खाली टीव्हीसमोर, फोन चालू.

छत्री पुसली. ‘वाढलं?’ ‘नाही.’

छत्रीच्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, पुसला. ‘दोनाने.’

मग वायरचा माग काढत गेलो, तर पाण्याच्या टाकीमागे कठड्यावर एक सांधा. कुणीतरी कधीतरी दोन तुकडे जोडून त्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. उन्हाने टेप सुटून चिकट झालेली, आत तांबं हिरवंगार. एवढंच नाही, तर टेपखालची वायरची जाळी हाताने चुरडली गेली.

या वायरचं शास्त्र थोडं समजून घेण्यासारखं आहे. एलएनबी उपग्रहाची १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झची लहर खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणतो आणि वायरीने घरात पाठवतो. त्याच वायरीने बॉक्सकडून एलएनबीला वीज वर जाते. ती नुसती वीज नसते, तो हुकूमही असतो: १३ व्होल्ट म्हणजे उभ्या लहरी दे, १८ व्होल्ट म्हणजे आडव्या. वरचा अर्धा पट्टा हवा असेल तर त्यात २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर मिसळलेला असतो. आता मध्ये गंजलेला सांधा आला, की १८ चे १५-१६ होतात आणि एलएनबीला कळेनासं होतं, आडवं म्हणतोय की उभं. मग ठरावीक चॅनेलच जातात आणि बाकीचे टकाटक चालतात. ‘निम्मेच चॅनेल का जातात?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं, पैसे संपले हे नव्हे. पैसे संपल्याचा संदेश वेगळा येतो, तो नीट वाचा. आमच्याकडे एकदा वडिलांनी तासभर छत्री फिरवली आणि नंतर कळलं, की रिचार्ज संपला होता.

सांधा काढून टाकला. जोड दिला नाही, गच्चीपासून बॉक्सपर्यंत अख्खी नवी वायर ओढली. आरजी-६ वायर घ्यायची आणि आत तार तांब्याची आहे का ते विचारायचं. स्वस्त वायरीत लोखंडी तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. वीस फुटांना चालेल, पण चार मजले खाली यायचं असेल तर त्यात विजेचा दाब कमी होतो. एमजी रोडच्या दुकानदाराला सांगितलं, टोक सोलून दाखव. चाकूने खरवडलं, की खालचं लोखंड लगेच दिसतं, चुंबकही चिकटतं. एलएनबीजवळ वायर थेट पिनेत न नेता खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकून जातं, पिनेत शिरत नाही. पिनेवर रबरी टेप, जी ओढून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते ती. इन्सुलेशन टेप गच्चीवर दोन उन्हाळे टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची क्वालिटी ५२. कीर्तन निर्विघ्न. मी घरात जरा ताठ मानेने वावरलो.

आठ दिवसांनी परत तुटलं.

इथे माझी चूक झाली होती. सकाळचे ३८ वरून ५२ झाले, पण दुपारचे ७० ते ७० च होते. म्हणजे दव अजून कुठेतरी १८ गुण खात होतं आणि मी निम्माच चोर पकडला होता. पण रोज थंडीत सात वाजता वर जायचं त्राण नव्हतं. मग बिघाडालाच दुपारी बोलवायचं ठरवलं. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली, भर दुपारी कोरड्या गच्चीवर गेलो आणि एकेका जागी पाणी मारत खाली आकडा विचारत गेलो. पिनेवर मारलं, फरक नाही. नव्या वायरीवर, फरक नाही. एलएनबीच्या तोंडावर मारलं, आकडा एकदम ५४. पुसलं, तरी ५४ च. वीस मिनिटांनी उन्हात हळूहळू ७०.

यातली खूण लक्षात ठेवा. चांगल्या एलएनबीच्या तोंडावर पाणी बसलं तरी आकडा थोडा पडतो, पण पुसल्याबरोबर वर येतो. पुसूनही येत नसेल, तर पाणी आत आहे. हात लावून पाहिलं तर तोंडावरच्या प्लॅस्टिकच्या टोपणाला केसाएवढा तडा. नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन पाच-सहा वर्षं खाल्लेलं प्लॅस्टिक, दुसरं काय होणार? रात्री त्या तड्यातून दमट हवा आत जायची, पहाटे आत घाम सुटायचा, नऊला ऊन लागलं की सुकायचा. नवा एलएनबी मला साडेतीनशेला पडला. बॉक्स मात्र अजून तोच, तिसऱ्या फेरीत ‘जुना झाला’ म्हटलेला.

एलएनबी बदलताना जुना कसा तिरका बसला आहे त्याची मार्करने खूण करून ठेवा आणि नवा त्याच कोनात बसवा. तो तिरपेपणा चुकून राहिलेला नसतो. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नाही, पूर्वेकडे सरकलेला आहे, म्हणून आपल्याला लहरी कलत्या मिळतात. उदाहरणार्थ, डीडी फ्री डिश ज्यावर आहे तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे आणि नाशिक साधारण ७३.८ वर. त्यामुळे इथे एलएनबी जवळजवळ ४३ अंश कलवावा लागतो. ‘सरळ’ करायला गेलात तर घरच्या घरी बिघाड.

छत्रीच्या दिशेचंही तसंच. आपल्याकडे वापरातले बहुतेक उपग्रह ८३ ते १०८ अंशांच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे नाशिकहून बघितलं तर सगळ्या छत्र्या कमी-जास्त आग्नेयेकडे. फ्री डिशवाल्यांसाठी ठोकताळा: पुण्याचा रस्ता ज्या बाजूला सिन्नर-संगमनेरकडे जातो ती दिशा, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. पण छत्रीच्या तोंडाकडे बघून हा ५७ चा कोन दिसणार नाही. या छत्र्यांचा एलएनबी मध्यभागी नसतो, खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा सुमारे २५ अंश वर बघत असते. समोरच्या इमारतीच्या टाकीकडे तोंड करून बसल्यासारखी वाटते, पण तिची नजर टाकीच्या बरीच वरून जाते. म्हणून ‘समोरच्यांनी मजला चढवला आणि आमचा टीव्ही गेला’ या तक्रारीत प्रत्येक वेळी तथ्य असतंच असं नाही.

साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंशांची असते. वरची कड खालच्या कडेच्या मानाने एक सेंटिमीटर पुढेमागे झाली, की एक अंश हलला. एवढ्याने एसडीला काही होत नाही, एचडीची शिल्लक, म्हणजे काठापासूनचं अंतर, मात्र निघून जाते आणि पहिल्या पावसात हिशेब चुकता होतो. छत्री का हलते? वळवाचा वारा, कबुतरं, गच्चीवर वाळवणाच्या दोऱ्या बांधणारे, आणि संक्रांत. येवल्याइतका नसला तरी आपल्याकडेही पतंगांचा जोर कमी नाही. एलएनबीच्या दांड्यात अडकलेला मांजा वरून कुणीतरी ओढतो आणि दांडा वाकतो. १५ जानेवारीनंतर चित्र तुटायला लागलं तर आधी दांडा बघा. मांजा नायलॉनचा असू शकतो, हाताने ओढू नका, कात्रीने कापा.

पावसाचं वेगळं. मुसळधार पावसात दहा मिनिटं चित्र गेलं तर तो बिघाड नाही. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, पावसाचे टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. गंमत अशी, की डोक्यावरच्या पावसापेक्षा आग्नेयेकडचा पाऊस महत्त्वाचा. सिग्नल तिरपा येतो, त्यामुळे त्या बाजूला दोन-तीन किलोमीटरवरचा ढगही वाटेत असतो. आपल्याकडे उघडलेलं, मुलं खाली खेळायला गेलेली, पण नाशिकरोडच्या बाजूला काळंकुट्ट, आणि मॅच बंद. परतीच्या पावसात हे फार होतं. रिमझिम पावसात चित्र जात असेल, किंवा पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नसेल, तर मात्र शिल्लक संपलेली आहे किंवा कुठेतरी पाणी शिरलं आहे. मग वर सांगितलेली फवाऱ्याची युक्ती. पावसात, विजा चमकत असताना गच्चीवर जायचं नाही, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण मॅचच्या शेवटच्या षटकात लोक टाकीवर चढलेले मी पाहिले आहेत.

दवाच्या उलट तक्रार असेल, म्हणजे सकाळी ठीक आणि दुपारी किंवा रात्री तीन-चार तास टीव्ही चालल्यावर चित्र अडकतं, बॉक्स स्वतःच बंद होऊन सुरू होतो, तर गच्चीवर जाऊ नका. अडॅप्टर तपासा. आतले कपॅसिटर थकले, की थंड असताना निभावतात आणि गरम झाल्यावर दाब सोडतात. १८ व्होल्टचा चॅनेल लावला की बॉक्स रिस्टार्ट होतो, ही त्याची ठरलेली खूण. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनेचा आकार आणि धन-ऋण खूण जुळवून घ्या. आणि बॉक्सवर विणलेला रुमाल घालू नका. आमच्याकडे होता. आईने तो आता टीव्हीच्या टेबलावर पसरला आहे, बॉक्स त्याच्यावर.

दोन खोल्यांत दोन बॉक्स आणि बाहेरचा टीव्ही लावला की आतल्या टीव्हीचे निम्मे चॅनेल जातात, असं असेल तर वाटेत कुणीतरी साधा स्प्लिटर लावलाय. एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, एलएनबी एक. जो जास्त मागतो त्याचं चालतं. उपाय दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या वायरी. दुसरा नाही.

चित्र तुटत नाही, पण एचडी असूनही धूसर दिसतं? मागे बघा. पिवळी-लाल-पांढरी वायर लावली असेल तर त्यातून एचडी येतच नाही. एचडीएमआय लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडा. एचडीएमआयवर मध्येच पडदा काळा होतो पण क्वालिटीचा आकडा हलत नाही, तर तो सिग्नलचा प्रश्न नाहीच. वायर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, नाहीतर वायर बदला.

राहिलं झाड. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे दरवर्षी पावसाळ्यात एचडी जायचं आणि हिवाळ्यात परत यायचं. छत्री त्यांच्या गॅलरीत, समोर कडुनिंब. फांदी आड येते की नाही यावर दोन वर्षं वाद चालला होता. ते म्हणायचे, फांदी तर केवढी बाजूला आहे. यावर एक फुकटचा उपाय आहे. वर्षातून दोनदा, १२ मार्चच्या आणि १-२ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य काही दिवस रोज थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. नाशिकला हे सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान घडतं. फ्री डिशच्या उपग्रहासाठी साधारण अकराला. तेव्हा सूर्याच्या गोंगाटाने काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे, आपोआप येतं. पण त्याच मिनिटांत छत्रीवर सावली कशाची पडली आहे ते बघायचं. सूर्य आणि उपग्रह एका रेषेत असल्यामुळे ज्याची सावली छत्रीवर, तेच सिग्नलच्या आड.

काकांना मार्चमध्ये बोलावून उभं केलं. चित्र गेलं, आणि छत्रीच्या वरच्या अर्ध्या भागावर पानांची जाळीदार सावली. काका म्हणाले, ‘अरे, मग ही पावसाळ्यात किती दाट होत असेल!’ फांदी तोडायची तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी हवी, आणि झाडही चांगलं आहे. क्लॅम्प सोडून छत्री गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली, चार फूट. पिनेवर रबरी टेप लावली आणि वायरला झोळ दिला.